शिलालेखांची आवड महाविद्यालयाच्या अर्जात कशी मांडावी?

होटगी रस्ता (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीच्या कला शाखेत शिकत आहे. पुढे मला इतिहास आणि पुरातत्त्व हे विषय घ्यायचे आहेत आणि त्यासाठी हरियाणातील अशोका विद्यापीठ, ब्रिटनमधील काही विद्यापीठे आणि अमेरिकेतील एक-दोन महाविद्यालये येथे अर्ज करण्याचे मी ठरवले आहे. आपल्याकडे प्रवेश म्हटले की टक्केवारी, सीईटी आणि गुणवत्ता यादी एवढेच डोळ्यांसमोर येते. स्वतःविषयी लिहून प्रवेश मागण्याची वेळ आमच्या घरात किंवा महाविद्यालयात यापूर्वी कोणावर आलेली नाही, म्हणून येथे विचारत आहे.

माझी आवड शिलालेख वाचण्याची आहे. भीमा आणि सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग कुडलचा शके ९४० मधील, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख अनेकांना ठाऊक असतो आणि पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातील चौऱ्यांशीचा लेखही प्रसिद्ध आहे. मात्र माझा जीव रमतो तो गावोगावी पारावर, मारुतीच्या देवळामागे किंवा शेताच्या बांधावर पडलेल्या शिळांमध्ये. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेक जुन्या कन्नडमध्ये आहेत. माझे वडील बाजार समितीतील एका अडत दुकानात दिवाणजी आहेत. कांदा घेऊन येणारे शेतकरी त्यांना आपल्या गावातील अक्षरे कोरलेल्या दगडांविषयी सांगतात आणि सुट्टीच्या दिवशी वडील मला गाडीवरून तिकडे घेऊन जातात. आजी माहेरची विजापूरकडची असून तिचे शिक्षण कन्नड शाळेत झाले आहे, त्यामुळे मी काढून आणलेली छायाचित्रे आम्ही दोघी मिळून वाचण्याचा प्रयत्न करतो.

एका समुपदेशकांना मी पहिला मसुदा दाखवला. तुमच्याकडे प्रमाणपत्र नाही, बक्षीस नाही, कोणत्या संस्थेचे पद नाही, असे त्यांनी सांगितले. मग एखादी वारसा संवर्धन संस्था स्थापन केल्याचे दाखवावे, निबंधाची सुरुवात ‘मला लहानपणापासून इतिहासाची ओढ आहे’ अशी करावी आणि घरच्या आर्थिक ओढाताणीवर भर द्यावा, असा सल्ला त्यांनी दिला. मला यातील काहीच पटले नाही, परंतु त्याऐवजी काय लिहावे तेही सुचत नाही. ज्याने सोलापूरचे नावही ऐकलेले नाही, त्याला शेंदूर फासलेल्या एका दगडात मला एवढे काय दिसते हे कसे सांगावे? तिन्ही ठिकाणी एकच निबंध चालेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

भीमाकाठ

मी मूळचा सोलापूरचाच आहे आणि ब्रिटनमध्ये पुरातत्त्व शिकलो, म्हणून मी तिकडच्या अर्जापुरते सांगतो. तेथे पदवीचे अर्ज यूकॅस या एकाच यंत्रणेतून जातात, त्यात जास्तीत जास्त पाच अभ्यासक्रम निवडता येतात आणि पाचांनाही तुम्ही स्वतःविषयी लिहिलेले एकच निवेदन वाचायला मिळते. त्यामुळे त्यात कोणत्याही एका विद्यापीठाचे नाव घेऊन स्तुती करू नये. २०२६ च्या प्रवेशापासून या निवेदनाचे तीन प्रश्नांत विभाजन झाले आहे. हाच विषय का शिकायचा आहे, आजवरच्या शिक्षणाने त्याची तयारी कशी झाली आणि शिक्षणाबाहेर तुम्ही त्यासाठी काय केले, असे ते प्रश्न आहेत. तिन्ही उत्तरे मिळून मोकळ्या जागांसह ४,००० अक्षरचिन्हांची मर्यादा आहे आणि प्रत्येक उत्तर निदान ३५० चिन्हांचे असावे लागते.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की हे निवेदन बऱ्याचदा त्या विषयाचे अध्यापक स्वतः वाचतात. आवड किती उत्कट आहे हे त्यांना मोजायचे नसते. ही मुलगी विषयाच्या आत शिरून विचार करू शकते का, एवढेच त्यांना पाहायचे असते. म्हणून ‘मला शिलालेखांचे वेड आहे’ हे वाक्य कितीही खरे असले तरी त्यांच्या उपयोगाचे नाही. एखादा लेख वाचताना तुम्ही कोठे अडलात, ती अडचण कशी सोडवली आणि सोडवल्यावर कोणता नवा प्रश्न उभा राहिला, हे मात्र त्यांना फार उपयोगाचे आहे.

एक उदाहरण देतो. आपल्या भागातील कल्याणी चालुक्यांच्या लेखांत पुष्कळदा शक वर्ष नसते, तर चालुक्य विक्रम वर्ष असते, कारण सहाव्या विक्रमादित्याने इ. स. १०७६ मध्ये स्वतःची कालगणना सुरू केली होती. लेखात नुसते ४५ वे वर्ष दिसले, तर ते इ. स. ११२० च्या सुमाराचे ठरते. तुम्हाला असा आकडा कधी भेटला असेल, त्याने तुम्ही गोंधळला असाल आणि मग संवत्सराचे नाव, तिथी आणि वार यांचा मेळ घालून तो सोडवला असेल, तर तेवढी हकिकत पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. एका राजाने जुनी कालगणना बाजूला ठेवून स्वतःची का सुरू केली असावी, हा त्यातून निघणारा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभणारा आहे.

छायाचित्रे काढता असे तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या मते तिसऱ्या उत्तराचा गाभा तेथेच आहे. झिजलेली अक्षरे भर दुपारी दिसत नाहीत. सकाळी किंवा सायंकाळी ऊन तिरपे पडले, किंवा अंधारात विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने धरली, की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि जेथे काहीच नव्हते असे वाटत होते तेथे ओळ उमटते. हे तुम्ही करत असाल तर दोन वाक्यांत जसेच्या तसे लिहा. पुरातत्त्वाचा कोणताही अध्यापक ते वाचून थांबेल, कारण ही मुलगी दगडापाशी खरोखर बसलेली आहे हे त्याला त्यावरून कळते.

संस्था स्थापन केल्याचे मात्र मुळीच दाखवू नका. ते खोटे आहे, आणि खोटे असल्यामुळे त्याविषयी पुढे कोणी एक प्रश्न जरी विचारला तरी तुमच्याकडे उत्तर नसेल.

नवी पेठ

मी काही वर्षांपासून ओळखीच्या मुलामुलींना अमेरिकेच्या अर्जांसाठी विनामूल्य मदत करते. भीमाकाठ यांनी सांगितलेले सारे ब्रिटनसाठी योग्य आहे, परंतु तोच मजकूर थोडा बदलून अमेरिकेला पाठवण्याचा मोह टाळावा, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. तेथील अनेक महाविद्यालये कॉमन ॲप या सामाईक अर्जातून प्रवेश देतात. त्यातील मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो आणि तो वाचणारा माणूस बहुधा प्रवेश विभागातील असतो, तुमच्या विषयाचा तज्ज्ञ नसतो. ही व्यक्ती आमच्या वसतिगृहात आणि आमच्या वर्गात कशी वागेल, कोणाशी काय बोलेल, याचा अंदाज तो घेत असतो. निबंधासाठी दिलेल्या विषयांत, ज्यात गुंतल्यावर वेळेचे भान राहत नाही अशा एखाद्या कल्पनेविषयी लिहा आणि अधिक जाणून घ्यायचे असेल तेव्हा तुम्ही कोणाकडे किंवा कशाकडे वळता तेही सांगा, असा एक विषय गेली अनेक वर्षे आहे. तुमच्यासाठी तो अगदी नेमका आहे, कारण तुम्ही आजीकडे वळता.

आजी आणि तुम्ही एका भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वाकून आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे अक्षर ओळखत बसता, हे चित्र ज्याला सोलापूर ठाऊक नाही त्यालाही दिसते. त्यासाठी चालुक्यांची वंशावळ द्यावी लागत नाही. मात्र दगडाचे वर्णन करताना वाचणाऱ्याने वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला दगड, कधीच पाहिलेला नाही हे गृहीत धरा. खालच्या चौकटीत लढताना पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, एवढे एका वाक्यात सांगितले की पुढचे सारे समजते.

पदे आणि बक्षिसे नाहीत म्हणून तुम्ही खिन्न होऊ नये. या अर्जात उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला केवळ १५० अक्षरचिन्हे मिळतात, त्यामुळे तेथे विशेषणांना जागाच नसते. ‘गावांतील शिळांची छायाचित्रे, स्थळ, मापे व वाचन यांची वही, शंकित अक्षरे वेगळी नोंदवते’ अशा धर्तीवर नुसती क्रियापदे आणि नामे लिहावीत. तुम्ही घरातील धाकट्या भावंडांचा अभ्यास घेत असाल किंवा वडिलांच्या दुकानातील हिशेबाला हातभार लावत असाल, तर तेही लिहा. कौटुंबिक जबाबदारी हा या अर्जातील उपक्रमांचा एक मान्य प्रकार आहे आणि आपल्याकडील मुली नेमके तेच गाळतात.

आर्थिक ओढाताणीविषयी माझे मत स्पष्ट आहे. तिच्यामुळे तुमच्या शिक्षणात खरोखर काही अडले असेल, तर अडचणी आणि परिस्थिती सांगण्यासाठी अर्जात स्वतंत्र ऐच्छिक जागा आहे आणि तेथे ते सरळ शब्दांत लिहावे. शिष्यवृत्तीसाठीची माहिती वेगळ्या अर्जात भरायची असते. मुख्य निबंधात दुःख आणून वाचणाऱ्याची दया मागण्याची गरज नाही. तुमचे वडील त्या निबंधात अवश्य यावेत, पण वेगळ्या कारणाने यावेत. अडत दुकानातील ओळखींवाचून तुम्हाला हे दगड सापडले नसते. तुमच्या संशोधनाची सुरुवात बाजार समितीच्या आवारात, कांद्याच्या पट्टीवर सही करता करता झालेल्या बोलण्यातून होते, ही गोष्ट दुसऱ्या कोणत्याही अर्जात असणार नाही.

एक सूचना राहिली. निबंध कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून लिहून घेऊन तो आपला म्हणून पाठवणे कॉमन ॲपच्या नियमांत फसवणूक ठरते, आणि यूकॅस सर्व निवेदनांची साम्य तपासणी करते. इंग्रजी थोडे साधे राहिले तर चालेल, पण ते तुमचेच असावे.

बार्शीचे निवृत्त प्राध्यापक

मी इतिहास शिकवून निवृत्त झालो आहे, म्हणून ‘तू’ असे संबोधतो, बाळ, राग मानू नकोस. तुझा प्रश्न वाचून मला अतिशय आनंद झाला. सोलापूरचे ज्येष्ठ अभ्यासक आनंद कुंभार यांनी या जिल्ह्यातील लेखांसाठी आयुष्य वेचले. तरीही अनेक गावांतील दगड अजून उन्हापावसात झिजत आहेत, आणि रस्त्याच्या किंवा देवळाच्या नव्या बांधकामात काही कायमचे गाडले जात आहेत. ते पाहायला कोणी तरुण मुलगी जात आहे, हे मला अर्जाहूनही मोलाचे वाटते.

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु मला थोडे निराळे सांगायचे आहे. निबंधाची सुरुवात कुडलच्या लेखाने करू नकोस. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचे त्याचे शेवटचे वाक्य इतके सुंदर आहे की ते घेण्याचा मोह तुला होणारच. पण तो लेख सर्वांचा आहे, त्याच्यावर मोठमोठ्या विद्वानांनी लिहिले आहे, आणि मराठीतील सर्वांत जुना लेख तो की अलिबागजवळील आक्षीचा शके ९३४ चा, हा वाद तुझ्या निबंधात मिटायचा नाही. तुझे स्वतःचे जे आहे ते एखाद्या बिननावाच्या दगडापाशी आहे. ज्याच्याविषयी अजून कोणी काही लिहिलेले नाही असा एकच दगड निवड आणि त्याच्याजवळ थांब. दहा गावांची यादी दिलीस, तर वाचणाऱ्याला तू कोठेच दिसणार नाहीस.

दुसरे असे की, तुझ्या आवडीत शिस्त आहे हे वाचणाऱ्याला दिसले पाहिजे. लेख उठून दिसावा म्हणून अक्षरांत खडू किंवा पीठ भरणे, तेल लावणे, वाळलेला रंग खिळ्याने खरवडणे, असे प्रकार हौशी लोक करतात. संरक्षित स्मारकांच्या बाबतीत १९५८ च्या कायद्याने असे करणे गुन्हा ठरू शकते, आणि असंरक्षित दगडाचेही त्याने नुकसान होते. तू हे करत नाहीस, मऊ कुंचला आणि पाणी यांपलीकडे काही वापरत नाहीस, आणि देवस्थानचा दगड असेल तर पुजाऱ्यांना विचारून हात लावतेस, हे ओघात आले तर फार चांगले. ठसा घेण्याची रीत, म्हणजे ओला कागद दगडावर बसवून कुंचल्याने ठोकत अक्षरांत उतरवणे आणि मग शाईचा बोळा फिरवणे, ही तू अजून शिकली नसशील. ती शिकायची आहे असे लिहायला संकोच करू नकोस. पदवीला प्रवेश मागणाऱ्या मुलीला शिकण्यासारखे काही उरलेले आहे, याचे कोणत्याही विद्यापीठाला वाईट वाटत नाही.

होटगी रस्ता

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. सरांनी सांगितल्याप्रमाणे मी एकच दगड निवडला आहे. अक्कलकोट तालुक्यातील एका गावातील हा दगड असून त्याच्या वरच्या भागावर शेंदराचे आणि ऑइलपेंटचे थर आहेत. मराठीत आधी लिहून पाहिलेला एक परिच्छेद येथे देते.

‘पहिल्या ओळीत मला फक्त एक वळण दिसत होते. आजीने चष्मा कपाळावर सरकवून पडदा डोळ्यांजवळ नेला आणि हा ‘स्व’ असावा असे ती म्हणाली. तिच्या शाळेतील अक्षराहून तो वेगळा होता, तरी ओळखीचा होता. त्यापुढचे जोडाक्षर ‘स्ति’ निघाले आणि मला एकदम आठवले की शेजारच्या गावातील लेखही ‘स्वस्ति समस्तभुवनाश्रय श्रीपृथ्वीवल्लभ’ असाच सुरू झाला होता. राजाची बिरुदे ठरलेल्या क्रमाने येतात, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले. त्यानंतर रंगाखाली दबलेल्या जागी किती अक्षरे असावीत हे मी मोजले आणि ‘समस्तभुवनाश्रय’ तेथे बरोबर बसले. जे दिसत नव्हते ते मला वाचता आले. त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही.’

हे यूकॅसच्या निवेदनात घ्यावे की अमेरिकेच्या निबंधात? आणि यात काय कमी आहे?

बार्शीचे निवृत्त प्राध्यापक

परिच्छेद उत्तम आहे, आणि कमी काय आहे तेही तुझ्याच वाक्यात आहे. ‘जे दिसत नव्हते ते मला वाचता आले’ येथे तू थांबतेस, पण खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. ठरीव बिरुदावली ठाऊक असल्यामुळे तुटलेली जागा भरता येते हे खरे आहे. परंतु त्याच ज्ञानामुळे जे मुळात नाही तेही आपण वाचून बसतो. समज, लेखक गावातला होता आणि त्याने एखादे बिरुद गाळले, किंवा लेख राजाचा नसून एखाद्या मांडलिकाचा होता, तर तुझी मोजणी जुळूनही वाचन चुकेल. म्हणूनच छापील वाचनात संपादक अंदाजाने भरलेली अक्षरे चौकटी कंसात घालतात आणि पुसट अक्षरे वेगळ्या खुणेने दाखवतात. तू वहीत शंकित अक्षरे वेगळी लिहीत असशील, तर ‘समस्तभुवनाश्रय’ तू कंसात लिहिलेस की कंसाबाहेर, एवढे एक वाक्य त्या परिच्छेदाच्या शेवटी घाल. झोप न लागल्याचे वाक्य काढून टाकलेस तरी चालेल, आनंद आधीच पोहोचलेला आहे.

होटगी रस्ता

सर, मी ते कंसातच लिहिले होते आणि शेजारी प्रश्नचिन्हही केले होते. आजीचे म्हणणे होते की इतके स्पष्ट असताना कंस कशाला, आणि आमचा त्यावरून बराच वेळ वाद झाला. ती म्हणत होती की देवाच्या दगडावर दुसरे काय असणार, आणि मी म्हणत होते की रंग काढल्याशिवाय आपल्याला कळणार नाही. हे लिहिण्यासारखे असेल असे मला वाटले नव्हते.

नवी पेठ

तुमचा अमेरिकेचा निबंध हाच वाद आहे! एक पिढी श्रद्धेने ओळ पूर्ण करते, दुसरी पिढी पुरावा मिळेपर्यंत कंस उघडा ठेवते, आणि दोघी एकाच पडद्यावर वाकलेल्या आहेत. यात आजीला अडाणी आणि स्वतःला आधुनिक ठरवू नका. ‘स्व’ तिनेच ओळखला होता, तो तुम्हाला ओळखता आला नव्हता. वादात कोण जिंकले हे सांगण्याचीही आवश्यकता नाही. तुम्ही आपल्या म्हणण्यावर ठाम राहूनही समोरच्याचे नीट ऐकता, हे ६५० शब्दांत यापेक्षा चांगले दाखवता येणार नाही. सुरुवात थेट ‘स्व’पासून करा, अडत दुकान दुसऱ्या परिच्छेदात आणा आणि दगड आज कोणत्या अवस्थेत आहे तेथे थांबा.

भीमाकाठ

आणि यूकॅससाठी याच प्रसंगाचा दुसरा भाग घ्यावा. तेथे आजी अर्ध्या वाक्यात येऊ द्या आणि ठरीव बिरुदावली, अक्षरांची मोजणी, कंस आणि त्यातून पडलेला प्रश्न यांना जागा द्या. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात शाळेतील विषयांचा उल्लेख करताना नुसती यादी देऊ नये. इतिहासाच्या पुस्तकात चालुक्यांना किती ओळी मिळतात आणि तुमच्या तालुक्यात त्यांचे लेख कसे विखुरलेले आहेत, ही तफावत तुम्ही पाहिलेली असणार. तिच्याविषयी काही वाचले असेल तर ते लिहावे, आणि न वाचलेल्या पुस्तकांची नावे घेऊ नयेत.

विजापूर वेस

माझा मुलगा अशोका विद्यापीठात शिकतो, म्हणून तिकडचे थोडक्यात सांगतो. तेथे अर्जातील लेखनाबरोबर अभियोग्यता चाचणी आणि निवड झाल्यास मुलाखत असते, आणि विषय पहिल्याच दिवशी पक्का करावा लागत नाही, आधी निरनिराळ्या शाखांचे पायाभूत अभ्यासक्रम घ्यावे लागतात. त्यामुळे केवळ शिलालेखांवर बोलून भागत नाही. या आवडीने तुम्हाला इतर कोणत्या विषयांच्या दारात नेऊन उभे केले, हे सांगता यायला हवे. माझ्या मुलाची आवड पक्षिनिरीक्षणाची होती. मुलाखतीत त्याला नान्नजच्या माळरानाविषयी, म्हणजे माळढोक अभयारण्याविषयी बोलता बोलता शेतकऱ्यांच्या जमिनींवर आलेल्या निर्बंधांविषयी विचारले गेले आणि तेथे पाठ केलेले काहीच कामाला आले नाही. तुमच्या बाबतीत कन्नड लेख आज मराठी बोलणाऱ्या गावात कसा, किंवा पूजेतल्या दगडावरचा शेंदूर काढावा की नाही, असे प्रश्न येऊ शकतात. त्यांवर घरात मोकळेपणाने बोलून ठेवावे. आजींशी वाद घालण्याची सवय आहेच, ती उपयोगी पडेल.

बार्शीचे निवृत्त प्राध्यापक

सर्वांनी चांगले सांगितले आहे. आता शिफारसपत्राचे एवढेच सांगतो, कारण आपल्याकडील मुलांची आवड बऱ्याचदा तेथेच अडते. यूकॅसच्या अर्जासोबत शिक्षकांचे पत्र आणि बहुधा अपेक्षित गुणांचा अंदाज द्यावा लागतो, आणि राज्य मंडळाच्या महाविद्यालयांना असा अंदाज लेखी देण्याची सवय नसते. शिवाय आपल्या बारावीसाठी प्रत्येक विद्यापीठाची अट निराळी असते, ती संबंधित संकेतस्थळावर आधी पाहून ठेव. तुझ्या वर्गशिक्षकांना तुझा हा छंद ठाऊकच नसेल, तर ते ‘विद्यार्थिनी हुशार व आज्ञाधारक आहे’ एवढेच लिहितील आणि निबंधात तू जे सांगतेस त्याला आधार मिळणार नाही. त्यांना आताच जाऊन भेट आणि वही दाखव. तीमधील एखादे पान त्यांच्यासमोर वाचून दाखव, कंसांसकट. शक्य असेल तर त्यांना एकदा त्या गावी घेऊन जा, म्हणजे त्यांच्या पत्रात त्यांनी स्वतः पाहिलेले काही येईल. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांपैकी एखादे विद्यापीठ तुझ्या यादीत असेल तर यूकॅसची मुदत १५ ऑक्टोबरला संपते, इतर बहुतेक अभ्यासक्रमांसाठी ती जानेवारीच्या मध्यापर्यंत असते. तोवर बारावीची पूर्वपरीक्षा अंगावर येते आणि शिक्षकांनाही सवड राहत नाही, तेव्हा पत्राचे काम दिवाळीच्या आधी उरकून घे.